वरच्या खोलीतला डबीवाला

माणसानं माणसाला किती वैताग द्यावा, याला काय तरी माप असावं का न्हाई? आमच्या वरच्या खोलीत त्यो डबीवाला ऱ्हायला व्हता, त्याला तसलं माप म्हाईतच नव्हतं. आता त्यो हितं न्हाई, बंगळूरला हाय. तरी त्याच्यापायी मला रोज सकाळी जिन्याच्या मधल्या टप्प्यावर वाकून, एक चौकोन सोडून झाडू मारावा लागतोय. का सोडायचा त्ये सांगते. आदी माणूस सांगते.

नाव त्याला आईबापानं चांगलं ठेवल्यालं. पर आमच्या माण गावामधी समदी डबीवालाच म्हणायची. हातात कायम एक डबी. चष्म्याच्या घरापरास मोठी, मधनं उघडणारी. उघडली की आत दोन काचा, एक वर, एक खाली, आन बाजूला बटणं. त्यात खेळ. तसली डबी आता बाजारात मिळत बी न्हाई म्हणं, लई जुनी झाली. बिजागरीला त्यानं चिकटपट्टी मारली व्हती. पस्तिशीचा बाप्या, वऱ्हाडातला, आयटीत नोकरी, आन हातात खेळणं.

आमची भाताची खाचरं कंपनीत गेली आन आमी खोल्या बांधल्या. जितं मी गुडघाभर चिखलात उभी ऱ्हायले, तितं आता कंपनीच्या बसा उभ्या ऱ्हात्यात. भाडेकरू लई बघितली मी. दारू पिणारी बघितली, पाण्याची मोटर चालू ठेवून गावाला जाणारी बघितली, भांडून बादल्या फेकणारी बघितली. त्यांचं काय न्हाई वाटत. चार शब्द बोलले की सरळ येत्यात. ह्याला बोलायचं तर काय बोलायचं? ह्यो वाईट काय करतच नव्हता. नुसता ताप.

आमच्या अंगणात शहाबादी फरशी हाय, चौकोनी. त्यो जिना उतरला की सरळ जायचा, मंग काटकोनात वळायचा, मंग परत सरळ. तिरपा कदी गेला न्हाई. नळ समोर तिरपा दिसतोय, पाच-सात पावलं, तरी ह्यो कुंपणाच्या भितीकडनं फिरून बादली घिऊन येणार. मी इचारलं, "का रं बाबा, पायात काय भरलंय का?"

तर म्हणतोय, "आजी, आमच्यात तिरकं चालत नाहीत."

आमच्यात म्हंजी? मला वाटलं जातीतलं काय असंल, कशाला इचारा, गप बसले. पुढं सून म्हणली, "आत्या, त्याच्या डबीतलं शिपाई तिरपं चालत न्हाईत, म्हणून ह्ये चालत न्हाई." आता काय बोलायचं याला?

कोपऱ्यावर एक काळं कुत्रं बसायचं. ह्यो तितं गेला की थांबणार, डोळं बारीक करून बघणार, आन गटाराच्या कडंनं मोठा वळसा घालणार. "तीन घरं अंतर ठेवलं की ते उठत नाही आजी, मी बघून ठेवलंय." कुत्रं एवढं म्हातारं, त्याला उठवून बसवावं लागायचं.

दिवाळीला मी त्याला डबाभर लाडू दिलं. एकटा माणूस, आई लांब. होळीला डबा मागायला वर गेले, तर लाडू तसंच, वर हिरवी बुरशी. माझ्या डोस्क्यातनं जाळच निघाला. "आरं, गोड लागत न्हाई तर सांगायचं, पोरांनी खाल्लं असतं!"

"गोड होते आजी, एक खाल्ला. बाकीचे ऐन वेळेला लागतील म्हणून ठेवले."

"कसली ऐन येळ? लाडवाची ऐन येळ कंची असती?"

त्यावर त्यो खरंच इचार करत बसला. मंग म्हणला, "खेळातसुद्धा माझं हेच होतं. औषधाच्या बाटल्या जपून ठेवतो, जपून ठेवतो, आणि शेवटची लढाई संपते तेव्हा सगळ्या तशाच शिल्लक." आन खाली मान घालून डबा घासायला घेतला. मी म्हणलं, दे हिकडं, तू घासस्तवर दुसरी दिवाळी यील.

कारण इचार! समद्या गोष्टीला इचार. एकदा आमची म्हैस दावं तोडून सुटली आन रस्त्याला लागली. घरात कुणी न्हाई, मी आन ह्यो. मी वरडले, "पळ, आडवा हो तिला!" ह्यो जिन्यात उभा ऱ्हाऊन बोटांनी हवेत रेघा वढतोय. "आजी, तुम्ही त्या खांबापाशी थांबा. मी इकडून दोन घरं पुढे येतो. म्हणजे तिच्यापुढं एकच वाट राहते..." त्याचं ठरूस्तवर म्हैस कंपनीच्या दारात जाऊन तितल्या कुंडीतली फुलं खात उभी. वाचमननं मला नको नको ते आयकवलं. त्याच्या डबीत वैरी असत्यात ना, ते ह्याची पाळी संपूस्तवर जागचं हलत न्हाईत. म्हशीला कोण सांगणार?

आठवड्यातनं एकदा त्यो वर गच्चीत बसून फोनशी बोलायचा. कुणाला फोन न्हाई, नुसतं बोलून ठिवायचा, मंग त्ये इंटरनेटवर टाकायचा आन तसलीच चार डोस्की त्ये आयकायची म्हणं. मी खाली वट्ट्यावर लसूण सोलत बसलेली, मला समदं आयकू यायचं. कायम त्याच एका खेळाचं. ह्यात चांगलं काय, ह्यात वाईट काय. लगीन जमवायला आलेला माणूस सुद्धा इतकी चौकशी करत न्हाई.

आयकून आयकून मला पाठ झालं. चांगलं म्हंजी, प्रत्येक शिपायाला नाव हाय, गाव हाय, कुणाचं कुणाशी पटत न्हाई त्ये बी हाय, नुसती प्यादी न्हाईत. जमीन बघून लढायचं, झाडाआड ऱ्हायलं तर मार कमी बसतोय, टेकाडावरनं बाण लांब जातोय, घोडा चिखलात रुततोय. ह्ये मला पटलं, घोडा रुततोयच. आन डबी कदीबी मिटली तरी जितं सोडलं तितनंच परत सुरू.

मंग खोडी. अक्षरं मुंगीएवढी. लढाईच्या आदी राजा आन परधान इतकं बोलत्यात, इतकं बोलत्यात, की बटण दाबून दाबून बोट दुखतंय. वैरी अडाणी, तुमी जवळ जाऊस्तवर खुळ्यासारखा उभा. शंभरात नव्वद वेळा घाव लागंल म्हणून आकडा दाखवतोय आन नेमका ह्याचाच चुकतोय. ह्यावर तर त्यो इतका वरडायचा की शेजारची सून बाहीर यिऊन बघायची. आन लई मोठी खोड म्हंजी, जो तगडा त्योच लढतोय, त्यालाच बळ वाढतंय, आन मागनं आलेले कच्चे शिपाई नुसते तंबूत बसून ऱ्हात्यात, त्यांस्नी कुणी पुढं घेतच न्हाई.

मी खालनं म्हणलं, "इतक्या खोडी हायेत तर टाकून का दीत न्हाईस?"

वरनं डोकावून म्हणतोय, "असं कसं आजी. खेळ फार चांगला आहे."

"मंग माझ्या बी खोडी सांगत असशील त्या फोनला."

"तुमची एकच आहे. तुम्ही थांबत नाही."

थांबायला सवड व्हती का मला? तवा मालकांना लकवा झाल्याला. माझ्या नवऱ्याचं सांगते. उजवं अंग गेलं, तोंड वाकडं झालं, बोलणं गेलं. दवाखान्यातनं घरी आणलं तवा डॉक्टर म्हणला, हाताला कामात ठिवा, त्यो मेला तर मंग काय उपेग व्हायचा न्हाई. दाबायला रबरी चेंडू दिला. मालकांनी त्यो डाव्या हातानं उचलून म्हशीच्या गव्हाणीत टाकला. परत दिला, परत टाकला. आयुष्यभर दुधाची किटली घिऊन डोंगर उतरल्याला माणूस, त्याला बायकू घास भरवती, हगाय-मुतायला नेती, ह्ये त्यांस्नी सोसत नव्हतं. एक दिवस भितीकडं तोंड केलं आन तसंच पडून ऱ्हायले. मी जेवण न्यायची, तोंड उघडायचं, गिळायचं, परत भितीकडं. मी लई बघितलंय. माणूस भितीकडं तोंड करून किती दिवस ऱ्हातंय ते मला ठावं हाय. माझी सासू तशीच गेली.

डबीवाला खाली आला त्यो गिझर चालू व्हत न्हाई ह्ये सांगाय. मी म्हशीखाली व्हते. म्हणलं, बस, आले. त्यो मालकांच्या बाजंवर कडंला बसला आन डबी उघडली. बाजंवर पडलेल्या माणसाला कसं हाय, बरं हाय का, ह्ये इचारायची रीत असती. ह्यानं काय इचारलं न्हाई. नुसता खेळत बसला आन आपल्याशीच बडबडत ऱ्हायला, "ह्याला पुढं घेतला तर तो धनुष्यवाला टिपणार... नको." मी धार काढून आले, तर मालकांचं तोंड भितीकडनं वळल्यालं. डबीकडं बघत व्हते.

दुसऱ्या दिवशी त्यो परत आला. गिझर चालू व्हता तरी आला. आन चार-आठ दिवसांनी बघते तर डबी मालकांच्या हातात. उजव्या हातात! त्या मेल्या हाताखाली उशी दिऊन डबी टेकवल्याली, आन अंगठा बटणावर.

मी भडकले. "आरं, लकवा झालेल्या माणसाची चेष्टा करतोस व्हय? त्यांचा अंगठा हलस्तवर दिवस मावळंल!"

"मावळू द्या ना आजी. हा खेळ थांबतो. दुसरे खेळ थांबत नाहीत, त्यांना हात चपळ लागतात. ह्यात आबांची पाळी आहे तोवर समोरचे सगळे उभे राहणार. तास लागला तरी उभे."

मी बघत ऱ्हायले. मालकांच्या कपाळाला घाम. अंगठा सरकंना. दात-ओठ खाऊन सरकवला, आन त्या काचंतला इवलासा शिपाई एक घर पुढं गेला. त्या येळंपासनं चेंडूचं नाव मी काढलं न्हाई.

पर मंग दुसरा वैताग सुरू झाला. आता दोघं. सूनबाई म्हणली, "आत्या, एक परवडत व्हतं." मालकांचा खेळ म्हंजी धाडधाड पुढं. मागचा-पुढचा इचार न्हाई. त्या खेळात मेला त्यो मेला, परत मिळत न्हाई. डबीवाल्याची रीत अशी, की एक बी शिपाई मेला की डबी बंद करायची आन लढाई पयल्यापासनं मांडायची. कुणालाच मरू द्यायचं न्हाई. एकेक लढाई आठ आठ दिवस. मालक बंद करत न्हाईत. एक घोडेस्वार व्हता मिशीवाला, डबीवाल्याचा लई लाडका. मालकांनी त्याला नदीपल्याड एकटा धाडला आन चौघांनी मिळून मारला. डबीवाला डोस्क्याला हात लावून उभा. "आबा, बंद करा, बंद करा! परत मांडू! अजून वेळ आहे!"

मालकांनी डबी छातीशी धरली आन "न्हं" केलं. आन फुडची चाल चालले.

त्याला कसं कळावं. मालक लहानपणी डोंगराला गुरं घिऊन जायचे. देवळाजवळ एक कातळ व्हता, त्यावर वाघ-बकरीचा पट कोरल्याला. रेघा-रेघांचा पट, त्यावर खड्यांच्या बकऱ्या आन मोठ्या दगडांचे वाघ. वाघानं उडी मारून बकरी खायची, बकऱ्यांनी मिळून वाघ कोंडायचा. आमच्या हिकडं एक रीत हाय, मांडल्याला डाव मोडायचा न्हाई. जेवायला हाक आली, गुरं वळवायची झाली, तरी खडे जागच्या जागी ठिवायचे. दुसऱ्या दिवशी यिऊन फुडं खेळायचं. येणारा-जाणारा पट वलांडून जातोय, पर खड्याला हात लावत न्हाई. हरला तर हरला, पर मोडायचा न्हाई. मी बी खेळले हाय रिह्याला, माझ्या माहेरगावी, लहानपणी. रस्ता रुंद झाला तवा त्यो कातळ गेला. रीत ऱ्हायली मालकांच्या डोस्क्यात.

घोडेस्वार मेला, त्याच्या जागी मालकांनी एक नवी पोर घेतली. धनुष्यवाली, मागनं आल्याली, कच्ची, तंबूत बसणाऱ्यातली. डबीवाला म्हणला, आबा, ही काही कामाची नाही, एका घावात जाते. मालकांनी तिला जपली. धाडधाड पुढं जाणारा माणूस, पर तिला कायम झाडाआड ठिवायचे. महिना-दोन महिन्यात ती अशी तयार झाली की डबीवाल्यानं तिचं गच्चीवरनं फोनला सांगितलं. त्याच दिवसांत मालकांनी उजव्या हातानं भाकरी मोडली. तुकडा वाकडा मोडला, निम्मा खाली पडला. मी काय बोलले न्हाई. बोलले असते तर परत मोडली नसती.

आन मंग ह्या शाण्यानं घोळ घातला.

डबी चार्ज करायला वर नेली एका दुपारी. त्या डबीत मागं ठिवून दिल्याला जुना डाव काढता येतोय म्हणं. ह्याला वाटलं, आबांना खूश करू. त्यानं घोडेस्वार मरायच्या आदीचा डाव काढला, ती लढाई स्वतः खेळला, घोडेस्वार वाचवला, आन त्ये मालकांचा डाव पुसून त्यावरच पक्कं करून ठिवलं. हसत हसत खाली आला. "आबा, बघा कोण आलंय!"

मालकांनी डबी उघडली. बघितलं. घोडेस्वार उभा. मंग अंगठ्यानं हळूहळू सगळीकडं फिरून बघितलं. पोर न्हाई. ती अजून आलीच नव्हती ना तवा. यायची व्हती. तिचं समदं शिकणं गेलं. मालकांनी डबी मिटली, बाजंवर ठिवली, आन भितीकडं तोंड केलं.

एक दिवस, दोन दिवस. भाकरी मोडली न्हाई. मी परत भरवायला लागले. डबीवाला रोज यायचा, बाजंपाशी उभा ऱ्हायचा. "आबा, पण तो जिवंत आहे ना! वाईट काय झालं?" मालक हलत न्हाईत.

चौथ्या का पाचव्या दिवशी मी त्याला अंगणात धरला. म्हणलं, "हितं बस. काटकोनात न्हाई, कसाबी बस आन आयक. माझा थोरला पोरगा दीड वर्साचा व्हता. पटकी झाली. तवा रस्ता न्हाई, गाडी न्हाई, घोटावड्याच्या दवाखान्यापातूर मालक त्याला खांद्यावर घिऊन पळाले. पोचूस्तवर गेला. मंग चार वर्सांनी ह्यो धाकटा झाला, ज्याच्या घरात तू ऱ्हातोस. आता उद्या देवानं यिऊन म्हणलं, म्हातारे, तुझा थोरला परत दितो, पर मधली समदी वर्सं पुसतो, तर मी काय म्हणू? धाकट्याला काय सांगू? तू झालाच न्हाईस म्हणून?"

त्यो फरशीच्या रेघंवर बोट फिरवाय लागला. मी म्हणलं, "तुझ्या खेळाची खोड तुला अजून घावली न्हाई. त्यात मागं जाता येतंय, ही खोड हाय."

"ते खेळात नाही आजी," त्यो म्हणला, "ते मी करतो. खेळ तर मेला की मेला म्हणतो."

"मंग तुझी खोड."

दोन दिवस त्यो वर नुसता येरझाऱ्या घालत व्हता, छत वाजत व्हतं माझ्या डोस्क्यावर. मंग एका सकाळी खाली आला. मालकांच्या बाजंवर बसला. डबी उघडून त्यांच्या तोंडापुढं धरली, त्योच जुना डाव परत काढला आन खेळाय लागला. मिशीवाल्या घोडेस्वाराला नदीपल्याड एकट्याला धाडला. त्याच जागी. एकेक बटण दाबायला ह्याला इतका येळ लागला, की लकवा कुणाला झालाय कळंना. चौघे आले. घोडेस्वार पडला. ह्यानं डबी बंद केली न्हाई. डोळं पुसलं बाहीनं. पस्तिशीचा बाप्या! मी चुलीकडं तोंड केलं, मला हसू आलं आन काय तरी झालं.

मालक वळले. डबीकडं बघितलं, मंग त्याच्याकडं बघितलं. आन म्हणले, "चाल."

वर्सात पयला शब्द. जीभ जड, पर सरळ आयकू आला. चाल. फुडं चाल.

ती पोर परत आली खेळात, कच्ची. परत शिकवली. पर मालकांचा ह्याच्यावर भरवसा बसला नव्हता. उन्हाळ्यात मालक जिन्याचा कठडा धरून मधल्या टप्प्यापातूर चढाय लागले. एक दिवस तितं बसले, खडू मागितला सूनबाईकडं, आन उजव्या हातानं फरशीवर पट वढला. रेघा अशा, जशी गोगलगाय गेली. वाघ म्हणून बाटलीची बुचं, बकऱ्या म्हणून पांढरे खडे. डबीवाल्याला समोर बसवला आन बोट दाखवून सांगितलं, "ह्यो... बंद व्हत न्हाई."

झालं. जिना आडला. ह्याच्या एका चालीला सकाळची दुपार व्हायची. वरच्या खोल्यांची माणसं बादल्या घिऊन पटाला वलांडून जात्यात, आन ह्ये दोघं बसल्यात. मी म्हणायची, "आरं, त्यो खडा हाय, पोरगी न्हाई लग्नाची, उचल आन ठिव!" तर म्हणायचा, "आजी, ह्यात परत मांडता येत नाही, म्हणून विचार करावा लागतो." ह्यात वाघाचं कसं चांगलं, बकऱ्यांचं कसं वाईट, ह्ये बी त्यानं गच्चीवर फोनला सांगून झालं. एका एका डावाला पंधरा-पंधरा दिवस. रेघा पुसट झाल्या की मालकच परत वढायचे. दर येळी जरा सरळ.

मंग त्याच्या कंपनीनं त्याला बंगळूरला धाडला. डाव अर्धा व्हता. मला वाटलं, सुटले. कसलं काय. फोनवर खेळायला लागले! त्यो सांगायचा, "खालून दुसरी रेघ, डावीकडून तिसरा," आन सूनबाई खडा सरकवायची. मालक लगोलग बुच सरकवायचे. ह्यो मंग आठ दिवस इचार करणार.

मालक पावसाळा सरता सरता गेले. सकाळी च्या घेतला, आपल्या हातानं कप खाली ठिवला, आन गेले. त्यांनी आपली चाल आदल्याच दिवशी चालल्याली. पाळी डबीवाल्याची व्हती.

दहाव्याला त्यो आला. बंगळूरनं आला, रडला न्हाई, जिन्यात टप्प्यावर बसून पटाकडं बघत ऱ्हायला. मी म्हणलं, "चाल की."

"विचार करतोय आजी."

तसाच गेला. म्हयना झाला, मी फोन केला. "इचार करतोय." दिवाळी झाली. "करतोय आजी." ल्योक म्हणला, आई, जिन्याला नवी फरशी बसवायची हाय. म्हणलं, डाव मांडल्याला हाय. त्यो गप गेला, त्यालाबी रीत ठावी हाय. नवी भाडेकरू इचारत्यात, आजी, ही पूजा आहे का? मी काय सांगणार. वाकून, कंबर धरून, पट सोडून झाडते. रेघा पुसट झाल्या तवा मीच खडू घेतला, वरनं गिरवल्या.

मला कळत नव्हतं असं न्हाई. त्यानं चाल केली की फुडची पाळी मालकांची. ती त्याला येऊ द्यायची नव्हती. लाडू ठिवलं तसा डाव ठिवला त्यानं, बुरशी येस्तवर.

पर माझी कंबर काय ऐन येळंची वाट बघत न्हाई. परवा सकाळी फोन लावला. सूनबाई नव्हती घरात. म्हणलं, "आयक. वाघाच्या बाजूनं आता मी हाय. रिह्याला म्या चांगल्या चांगल्यांच्या बकऱ्या खाल्ल्यात. चाल."

तिकडं नुसता श्वास. मी बी फोन ठिवला न्हाई. जिन्यात बसून ऱ्हायले. म्हशीची येळ झाली, वरडाय लागली, तरी बसले. येकदा मला म्हणला व्हता ना, तुम्ही थांबत नाही म्हणून.

लई येळानं आवाज आला. "खालून दुसरी रेघ. डावीकडून तिसरा. एक घर वर."

मी खडा उचलला आन ठिवला. मंग बघितलं, आन कपाळावर हात मारला. इतक्या म्हयन्यांचा इचार, आन ही चाल! वाघाच्या पुढ्यात बकरी, आन तिच्यामागं जागा मोकळी. मी बुच उचललं, उडी मारली, खडा काढून घेतला. त्याला सांगितलं.

तिकडनं मंग बारीक आवाजात, "आजी... ही चाल परत घेऊ का? एकदाच?"

"न्हाई," मी म्हणलं. "गेली ती गेली. फुडची चाल."

फोन ठिवला, खडा कनवटीला लावला, आन झाडू घेतला.